शेवटी ‘सीके’ येणारे छोटे इंग्रजी शब्द : यादी देते, पण पाठ करून घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा : मुलगा तिसरीत, मराठी माध्यम, शेवटी सी आणि के अशी जोडी असलेले छोटे इंग्रजी शब्द अर्थासकट हवेत, रोज दहा पाठ करून घेणार. आणि डिक्टेशनमध्ये तो बॅक, बुक, बेक, मिल्क सगळ्यांच्या शेवटी मनाला येईल ते लावतो, कधी नुसता के, कधी सीके, एकदा तर नुसता सी, त्याचं काय करायचं.

ताई, यादी देते, अर्थ पण देते, पण रोज दहाचा रतीब लावू नका. मी मराठी शाळेत लहान वर्गांना इंग्रजी शिकवत आलेय आणि पाठांतराचं काय होतं ते बघितलंय, सोमवारी पाठ झालेले दहा शुक्रवारी चार उरतात आणि त्या चारांतही मुलाला कळलेलं नसतं की इथे सी कशाला आलाय, नुसत्या के नी भागत नव्हतं का. हे कळलं की निम्मी यादी पाठ करायची गरजच पडत नाही.

तर आधी ते बघू. शब्द एका दमात बोलून होतो, शेवटी क ऐकू येतो, आणि त्या क च्या अगदी आधी एकच स्वराचं अक्षर आहे आणि ते आखूड बोललं जातंय, मग सीके. बॅक, नेक, किक, रॉक, डक. बस. बाकी ठिकाणी सीके नाही. क च्या आधी अजून एक व्यंजन बसलंय? नुसता के : मिल्क, सिल्क, डेस्क, बँक, पिंक, पार्क. आधी दोन स्वराची अक्षरं आहेत? नुसता के : वीक, सोक, बुक, लुक, कुक. शेवटी न बोलणारा ई आहे? तरी के : केक, बाइक, जोक. शब्द लांब आहे, म्युझिक, मॅजिक, ट्रॅफिक, प्लॅस्टिक असा? मग शेवटी नुसता सी. आणि इंग्रजी शब्दाची सुरुवात सीके नी कधीच होत नाही, हे पोरांना सांगितलं की पोरं मुद्दाम शोधायला लागतात, शोधू द्या.

यातला बुक जरा दगा देतो कारण कानाला तो आखूडच आहे, मुलगा म्हणणार बाई आवाज आखूड मग सीके का नाही. तिथे कान बाजूला ठेवायचा आणि डोळ्याने मोजायचं, ओ दोनदा आहे ना, मग जागा भरली, सी ला शिरायला वाव नाही.

आता सी कशाला. हे मुलांना फळ्यावर दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात म्हणून सविस्तर सांगते. एल-आय-के-ई म्हणजे लाइक, आवडणं. एल-आय-सी-के म्हणजे लिक, चाटणं. दोघांना आयएनजी लावा. लाइकचा ई गळतो आणि एल-आय-के-आय-एन-जी होतं, लाइकिंग. आता लिक जर नुसत्या के नी लिहिला असता तर त्यालाही आयएनजी लावल्यावर हुबेहूब तेच झालं असतं, आइस्क्रीम चाटतोय की आवडतंय कळलंच नसतं. मध्ये सी असल्यामुळे क दोनदा आल्यासारखा होतो आणि मागचा आय आखूडच राहतो, लिकिंग. हॉप चं हॉपिंग करताना पी दोनदा लिहितात ना, तीच ही युक्ती, फक्त इंग्रजीला के के अशी जोडी सहसा खपत नाही म्हणून पहिल्याच्या जागी सी बसवला.

आणि सी सी का नाही? कारण सी च्या पुढे ई किंवा आय आला की त्याचा स होतो. सेंटर, सिटी. फार पूर्वी इंग्रजी लिहिताना क साठी सर्रास सी च वापरायचे, 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, नंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले आणि हळूहळू ई-आय च्या आधी के ची सवय पडत गेली. मधल्या काळात तर लांब शब्दांनाही शेवटी सीके असायचा, सॅम्युअल जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत म्युझिकच्या शेवटी के आहे, तो पुढे गळाला, अमेरिकेत नोआ वेबस्टरने 1828 च्या डिक्शनरीत तो काढूनच टाकला होता. पण गंमत अशी की गेलेला के गरज पडली की परत येतो. पिकनिकच्या शेवटी नुसता सी, पण पिकनिकिंग लिहायचं तर के घालावाच लागतो, नाहीतर लोक ते पिकनिसिंग वाचतील. पॅनिकचं पॅनिक्ड करताना पण तेच. हे तिसरीच्या मुलाला सांगू नका, हे तुमच्यासाठी.

इथवरचं कुठल्याही इंग्रजी फोनिक्सच्या पुस्तकात मिळेल. खरी अडचण पुढे आहे आणि ती आपल्या मराठी कानाची आहे. 2000 पासून आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी ह्या गोष्टीकडे लक्ष कमी जातं. पुस्तक म्हणतं “ऱ्हस्व स्वर आला की सीके”. आपल्या मुलाला ऱ्हस्व म्हणजे इ आणि उ, पहिली वेलांटी आणि पहिला उकार. बॅक मधला ऍ आणि रॉक मधला ऑ आपण चांगले ताणून बोलतो, ते आपल्याला ऱ्हस्व वाटतच नाहीत. म्हणून मी ऱ्हस्व-दीर्घ शब्दच वापरत नाही, सरळ पाच आवाज देते : ऍ, ए, इ, ऑ, अ. ए-ई-आय-ओ-यू या पाच अक्षरांचे हे पाच छोटे आवाज. ह्यातला कुठलाही ऐकू आला आणि पुढे लगेच क, तर सीके चा विचार करायचा.

ह्या पाचांत दोन आवाज निर्धोक आहेत आणि तीन आपल्याला फसवतात.

ऍ आणि ऑ ची फारशी भानगड नाही, आपल्याकडे चंद्र आहेतच, बॅक आणि बेक, रॉक आणि जोक हे मराठी मुलाला स्वच्छ वेगळे ऐकू येतात. लिहिताना मात्र बघावं लागतं. माझ्या वर्गात एकाने मधल्या सुट्टीवर पाच ओळी लिहिताना लिहिलं होतं की सुट्टीत मी आणि माझा मित्र रोज एक स्नेक खातो. एस-एन-ए-के-ई. म्हणजे साप. त्याला म्हणायचं होतं स्नॅक. सी विसरला आणि ई चिकटवला. त्या वर्गाला पुढे वर्षभर स्नॅकचं स्पेलिंग कोणी चुकलं नाही.

अ मध्ये गडबड वेगळी होते. डक, लक, ट्रक यातला आवाज आपल्या अ च्या इतका जवळ आहे की मुलाला बोलताना काही त्रास नाही, पण लिहिताना तो यू लिहीत नाही, ए लिहितो. डी-ए-के डक, टी-आर-ए-के ट्रक. का, तर त्याने स्वतःचं नाव इंग्रजीत लिहायला शिकलंय, कमल, गणपत, सगळ्या अ ला ए. त्याच्या हिशोबाने तो बरोबरच आहे. त्याला सांगायचं की नावातला अ वेगळा, इंग्रजी छोट्या शब्दातला अ बहुतेक यू ने लिहितात. बहुतेक म्हणा, सन म्हणजे मुलगा हा ओ ने लिहितात, पण तो नंतर येऊ दे.

इ चं तर आपल्या व्याकरणाशीच वाकडं आहे. मराठीत शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीची वेलांटी दीर्घ : पीक, ठीक, वीट, गरीब. जीभ त्याच वळणाची झालीये, त्यामुळे पिक म्हणताना पण आपण पीक म्हणतो आणि सिक ला सीक. मग मुलाला सिक म्हणजे आजारी आणि सीक म्हणजे शोधणं, चिक म्हणजे पिल्लू आणि चीक म्हणजे गाल, विक म्हणजे दिव्याची वात आणि वीक म्हणजे आठवडा, लिक म्हणजे चाटणं आणि लीक म्हणजे गळणं, हे एकच ऐकू येतात. पाइप लिक झालाय असं आपण मोठी माणसंही बिनधास्त म्हणतो. इथे एकच उपाय, तोडून बोलायचं. किक कोणी कीक म्हणत नाही, गाडीला किक मारल्यामुळे तो आवाज बरोबर बसलाय, म्हणून मी सगळे इ चे शब्द किक च्या चालीवर म्हणायला लावते. किक, पिक, सिक, चिक.

आणि सगळ्यात अवघड ए. मराठीत ए एकच. नेक आणि केक, चेक आणि लेक, आपल्या तोंडी दोन्हीचा ए सारखाच, इंग्रजांच्या तोंडी दोन वेगळे. कान कितीही तयार केला तरी मराठी घरातल्या मुलाला हा फरक ऐकून कळेल अशी आशा धरू नका, शिक्षकालाच बोलता येत नाही तर मुलाला कुठून ऐकू येणार. इथे मात्र पाठच करायचं. बरं, रोजच्या वापरातले शब्दही मोजकेच : नेक म्हणजे मान, डेक म्हणजे जहाजाचा वरचा मजला, चेक म्हणजे तपासणं, पेक म्हणजे चोचीने टिपणं, स्पेक म्हणजे बारीक कण किंवा ठिपका, रेक म्हणजे मोडतोड, फुटलेलं जहाज, त्याच्या सुरुवातीला न बोलणारा डब्ल्यू असतो. एवढे केले की ए चं घर झालं. बँकेचा चेक मात्र आपल्याकडे या घरातला नाही, त्याचं स्पेलिंग सी-एच-ई-क्यू-यू-ई, अमेरिकेत तोही सीके ने लिहितात, पासबुकावर बघा आणि दाखवा.

आता उरलेल्या घरांचे शब्द. ए अक्षराच्या घरात, म्हणजे ऍ वाल्या : बॅक म्हणजे पाठ, मागे, आणि परत सुद्धा (पुस्तक परत दे म्हणताना). पॅक म्हणजे बांधाबांध करणं, आणि लांडग्यांची टोळीही पॅकच. सॅक आपण पाठीवरच्या दप्तराला म्हणतो, इंग्रजीत सॅक म्हणजे मुळात पोतं, पाठीवरची ती बॅकपॅक. आणि नोकरीवरून काढणं पण सॅकच. ट्रॅक म्हणजे रूळ, पळायची वाट, प्राण्याच्या पावलांचा माग. क्रॅक तडा, स्टॅक चळत, रॅक मांडणी, ब्लॅक काळा, लॅक उणीव, स्लॅक ढिला, टॅक छोटा चपट्या डोक्याचा खिळा. क्वॅक म्हणजे बदकाचा आवाज आणि भोंदू डॉक्टरलाही क्वॅक म्हणतात, पोरांना हा अर्थ फार आवडतो. जॅक म्हणजे पत्त्यातला गुलाम आणि गाडी उचलायचा जॅक. फणसाला इंग्रजीत जॅकफ्रूट म्हणतात त्यातला जॅक मात्र वेगळा, तो मल्याळम चक्क वरून पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलाय.

इ च्या घरात : किक लाथ. पिक उचलणं, निवडणं, फूल-फळ तोडणं, तिन्ही. लिक, सिक, चिक, विक वर झालेच. ब्रिक वीट, ट्रिक युक्ती, जादूचा हातचलाखीचा प्रयोग, क्विक चटकन, क्लिक कळ दाबण्याचा आवाज. स्टिक म्हणजे काठी आणि चिकटणंही. थिक ला आपल्याकडे तीन शब्द लागतात, पुस्तक जाड, जंगल दाट, आमटी घट्ट, इंग्रजीत तिन्ही थिक. टिक म्हणजे उत्तर बरोबर आल्यावर बाई करतात ती खूण, घड्याळाची टिकटिक, आणि टिक म्हणजे गोचीड. ज्यांच्या घरी म्हैस आहे ती पोरं हा शब्द एकदा ऐकला की विसरत नाहीत.

ऑ च्या घरात : लॉक कुलूप, रॉक खडक, सॉक मोजा (एकच, जोडीला सॉक्स), फ्रॉक, शॉक, स्टॉक म्हणजे साठा. क्लॉक भिंतीवरचं घड्याळ, हातातलं ते वॉच, त्याला क्लॉक म्हणत नाहीत. नॉक दार ठोठावणं, याचा पहिला के गप्प, म्हणजे एकाच शब्दात दोन के आणि बोलायचा फक्त शेवटचा. फ्लॉक म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा कळप, पक्ष्यांचा थवा पण. मॉक म्हणजे चिडवणं, वेडावून दाखवणं, पण मॉक टेस्ट म्हणजे सरावाची खोटी परीक्षा. डॉक म्हणजे बोटी लागतात ती जागा, मुंबईतलं कुलाब्याचं ससून डॉक 1875 पासून आहे आणि हार्बर लाइनला डॉकयार्ड रोड स्टेशनची पाटी मुलाला इंग्रजीत वाचायला लावा. ब्लॉक म्हणजे ठोकळा, आणि अडवणं. रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक हा दुसरा अर्थ. जुनी माणसं दोन खोल्यांच्या घराला ब्लॉक म्हणतात तो तिसरा.

अ च्या घरात : लक नशीब, ट्रक, सक चोखणं, मक चिखल-शेण-घाण, प्लक फूल खुडणं किंवा कोंबडीची पिसं काढणं, स्टक अडकलेला, क्लक कोंबडीचं कुकुकू, बक नर हरीण, टक म्हणजे खोचणं. आपण शर्ट इन कर म्हणतो ना, इंग्रजीत शर्ट टक इन कर. डक चे तीन अर्थ आहेत आणि तिसरीतल्या मुलाला तिन्ही कळतात : बदक, चेंडू डोक्यावर आला की झटकन खाली वाकणं, आणि शून्यावर आउट होणं. शून्याचा आकार बदकाच्या अंड्यासारखा म्हणून आधी डक्स एग म्हणायचे, मग नुसता डक उरला. एक सूचना, अक्षरं बदलून शब्द बनवायचा खेळ ह्या घरात खेळताना एफ चा पत्ता काढून ठेवा, कारण तुम्हाला कळलं असेलच, आणि मोठी भावंडं जवळपास असली तर नक्कीच.

मुलाला क्रिकेट आवडत असेल तर तुमचं काम सोपं आहे, कॉमेंट्री लावून बसा. बॅकफूट, डक, ब्लॉक, किपरकडे गेलेली बारीक निक, आणि खुद्द क्रिकेट आणि विकेट. शब्द लांब झाला तरी मधल्या क च्या आधी तोच छोटा आवाज आहे म्हणून सीके : टिकेट (आपलं तिकीट), पॉकेट, रॉकेट, जॅकेट, बकेट, लॉकेट, चिकन, हॉकी, लकी. हे सगळे त्याला आधीच येतात, फक्त स्पेलिंगकडे बघायला शिकवायचं. चिकन लिहिताना पोरं एक क खातात, त्यांना आधी चिक लिहायला लावा आणि मग ईएन जोडा.

घरी कसं करायचं विचाराल तर, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरं लिहून कापा, पण सी आणि के एकाच तुकड्यावर लिहा, वेगवेगळ्या नको. हे महत्त्वाचंय. दोन तुकडे केले की मुलगा दोन आवाज शोधतो आणि डक्क, बॅक्क असं जोडाक्षर वाचतो, आपल्या भाषेत दोन व्यंजनं म्हणजे जोडाक्षरच ना. एक तुकडा, एक आवाज. मग एका बसणीला एकच घर, ऍ घेतलं तर ऍच, आणि आधी तोंडी. तुम्ही शब्द म्हणायचा, त्याने नुसतं सांगायचं शेवट सीके, के की के-ई, लिहायचं नाही. तीन-चार संध्याकाळी हे झालं की डिक्टेशन, आणि डिक्टेशनमध्ये नुसते सीके चे शब्द देऊ नका, नाहीतर तो डोळे झाकून सगळीकडे सीके लावेल आणि तुम्हाला वाटेल आलं. बॅक, बेक, बँक. लिक, लाइक, मिल्क. असे मिसळून द्या. अर्थ विचारताना मराठी प्रतिशब्द म्हणून घेण्यापेक्षा कृती करायला सांगा, पेक म्हटलं की चोच, टक म्हटलं की शर्ट, लहान वयात ते पटकन बसतं.

अपवाद आहेत, पण थोडे आणि बहुतेक बाहेरून आलेले. ट्रेक हा आपल्या सह्याद्रीवाल्यांचा लाडका, आवाज छोटा असून नुसता के, कारण तो दक्षिण आफ्रिकेतल्या डच वळणाच्या भाषेतून इंग्रजीत आला. ट्रेकिंग लिहिताना त्याला दोन के, वर मी के के खपत नाही म्हटलं ते इथे खपतं. यॅक म्हणजे हिमालयातला याक आणि वॉक, म्हणजे चायनीज गाड्यावरची खोल कढई, डब्ल्यू-ओ-के वाली, ह्यांचं पण तसंच. आणि झिंक, डिस्क सारखे काही आखूड शब्द शेवटी नुसता सी घेतात, ते समोर येतील तेव्हा बघा.

सीके पक्का झाला की लगेच टीसीएच घ्या, थांबू नका, कारण युक्ती तीच आहे, फक्त क च्या जागी च. कॅच, मॅच, किचन, छोटा आवाज आणि लगेच च, म्हणून मध्ये टी. ह्यातले न ऐकणारे नेहमीचे चार आहेत, मच, सच, रिच आणि प्रश्न विचारायचा विच, यांना टी नाही, ते कागदावर मोठे लिहून फ्रिजवर लावा.